सत्तावीस पुस्तके



नव्या करारात 27च पुस्तके का, असे पुष्कळ जण विचारतात. त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

इ.स. 303 मध्ये रोमी सम्राट डायोक्लेशियन याने ख्रिस्ती शास्त्रे जाळण्याचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेतील थिबियुकाचे बिशप फेलिक्स यांनी ती देण्यास नकार दिला आणि प्राण दिला. काहींनी भीतीने पुस्तके सोपवली. कोणते लिखाण प्राण गेला तरी सोडायचे नाही, हे ओळखणे तेव्हा विश्वासणाऱ्यांना भाग पडले.

पुढे 367 साली आलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी पुनरुत्थानाच्या सणाच्या वार्षिक पत्रात आजचीच 27 पुस्तके नावानिशी दिली. कारण ‘गुप्त शास्त्रे’ म्हणून बनावट लिखाण साध्याभोळ्या लोकांत फिरत होते. ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे पुस्तक नवशिक्यांनी वाचावे, असे त्यांनी सांगितले. पण शास्त्रात धरले नाही. उपयोगी पुस्तक वेगळे, देवाचे वचन वेगळे!

त्या यादीने वचनाला अधिकार दिला नाही. चार शुभवर्तमाने व पौलाची पत्रे मंडळी कित्येक पिढ्या वाचतच होती. अधिकार देवाचा, मंडळीने तो ओळखला.

आज मोबाईलवर रोज नवे ‘दर्शन’ येते. ते पारखायला आणि तारणाचा मार्ग दाखवायला पवित्र शास्त्र पुरेसे आहे (2 तीमथ्य 3:15-17). फेलिक्स यांनी प्राणापेक्षा मोलाचे मानलेले ते वचन आपल्या घरी धूळ तर खात नाही ना?

प्रभू आपल्याला त्याच्या वचनाची गोडी देवो. आमेन.