दुसरे पाऊल

आपल्या मंडळाचा वार्षिकोत्सव जवळ आला की एक वाक्य हमखास कानावर पडते : “अगंबाई, मला नाही हो जमायचे!” शंभर बायकांचे हळदीकुंकू एकटीच्या बळावर पार पाडणारी, भाजीवाल्याशी तासभर हुज्जत घालणारी बाई, रंगमंचावर उभी राहून दोन वाक्ये बोल म्हटले की पदराशी चाळा करू लागते. मी कोणाला नावे ठेवीत नाही. हे वाक्य मी स्वतः पुष्कळ वर्षे म्हटले आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले होते. ते ओघाने सांगेनच. स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असा कार्यवाह बाईंनी लकडा लावला तेव्हा दुर्गाबाई खोटे यांच्याविषयी लिहावे असे मनात आले, ते या वाक्यामुळेच.

दुर्गाबाईंचे नाव निघाले की आपण म्हणतो, केवढी धीट बाई! घरंदाज कुटुंबातली असून चित्रपटात गेली! पण पहिले पाऊल माणूस पुष्कळदा अजाणतेपणी टाकतो. पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊकच नसते, मग भीती कसली? एकदा पोळल्यानंतर, लोकांनी तोंडावर हसून झाल्यानंतर, जे दुसरे पाऊल टाकावे लागते ते खरे जड. मला दुर्गाबाईंच्या त्या दुसऱ्या पावलाविषयी सांगावयाचे आहे. मात्र त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार केला. गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी तो लोकांना दाखविण्यात आला. त्यात हरिश्चंद्र झाले दत्तात्रेय दामोदर दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, आणि राणी तारामती झाले अण्णा साळुंके! साळुंके हे उपाहारगृहात काम करणारे तरुण. फाळक्यांनी स्त्री मिळावी म्हणून जंग जंग पछाडले. पण समाजाने ज्यांना वाळीत टाकले होते अशा बायकांनीदेखील सिनेमात तोंड दाखविण्यास नकार दिला. शेवटी नाजूक बांध्याच्या साळुंक्यांना लुगडे नेसवून तारामती उभी करावी लागली. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये तर याच साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही केली. आज आपल्याला हसू येते. पण त्यातली गोष्ट हसण्यासारखी नाही. आपल्या पुराणातील पतिव्रता राणीचे काम करावयास या एवढ्या मुंबई शहरात एक बाई मिळेना!

१९१३ मध्येच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. कमलाबाई म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले. आपल्या इतिहासातील या दुसऱ्या दुर्गाबाई. खरे तर पहिल्याच. त्यांच्या पाठीशी ना पैसा होता ना माहेरचे नाव. त्यांची आठवण आपण फारशी काढीत नाही, म्हणून येथे मुद्दाम काढली. रंगभूमीवरही तेव्हा स्त्रीचे काम पुरुषच करीत. बालगंधर्वांची साडी, त्यांचा खोपा, त्यांचे दागिने यांची नक्कल घरोघरच्या बायका करीत. बाईने कसे नेसावे हे पुरुषाकडून शिकावयाचे, पण स्वतः रंगमंचावर जावयाचे नाही, अशी सगळी तऱ्हा! चुकून एखादी गेलीच तर ती ‘तसल्यांपैकी’ ठरे.

अशा काळात, १४ जानेवारी १९०५ रोजी, दुर्गाबाईंचा जन्म झाला. माहेरचे आडनाव लाड. मूळचे गोव्याकडील हे घराणे गिरगावात कांदेवाडीला राहत असे. वडील पांडुरंग लाड नावाजलेले सॉलिसिटर. मुलीला त्यांनी कॅथीड्रल शाळेत घातले, पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात पाठविले. लग्न झाले तेही खोट्यांच्या श्रीमंत घरात. एवढी कथा वाचली की वाटते, या बाईला कशाची ददात? पण सासरची श्रीमंती ओसरली, घडी विस्कटली, आणि दोन लहान मुलगे पदरात. श्रीमंत घरची सून गरीब झाली की तिची अडचण दुहेरी असते. पैसा नसतो, आणि पैसा नाही असे म्हणण्याचीही सोय नसते.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि सिनेमा बोलू लागला. बोलपट निघाल्याबरोबर शुद्ध बोलणाऱ्या, गाऊ शकणाऱ्या, शिकलेल्या मुली हव्या झाल्या. मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात एका लहानशा कामासाठी विचारणा झाली, ती मुळात दुर्गाबाईंच्या बहिणीकडे. बहिणीने नकार दिला आणि दुर्गाबाईंचे नाव सुचविले. काम काही मिनिटांचे, पैशांची तर गरज होतीच. दुर्गाबाईंनी होकार दिला. चित्रपट कसा आहे, त्यात आणखी काय काय आहे, याची चौकशी करण्याइतके व्यवहारज्ञान त्यांना तेव्हा नव्हते. कोठून असणार? आपल्यापैकी कितीजणी कागद पुरता वाचून सही करतात?

१९३१ मध्येच चित्रपट लागला आणि एकच गहजब उडाला. जाहिरातीत लाडांची कन्या आणि खोट्यांची सून ही दोन्ही नावे ठळकपणे झळकली. चित्रपट सामान्य, शिवाय अभिरुचीला धरून नव्हता. कंपनीने गल्ला भरण्यासाठी घराण्याचे नाव वापरले आणि माहेर, सासर दोन्हीकडची माणसे तोंड लपवू लागली. गिरगावासारख्या भागात, जिथे एका चाळीतले बोलणे दुसऱ्या चाळीत ऐकू जाते, तेथे काय काय बोलले गेले असेल याची कल्पना करा. पुन्हा या वाटेला जाणे नको, असे कोणाही बाईला वाटावे अशीच ती वेळ होती.

येथे आपण क्षणभर थांबू. ‘आत्मविश्वास गमावणे’ असे आपण सहज म्हणून जातो. पण बाईचा आत्मविश्वास ती एकटीच गमावते का? दुर्गाबाईंना काम येते की नाही याची परीक्षा त्या चित्रपटात झालीच नव्हती. परीक्षा झाली ती अब्रूची, आणि निकाल लावला तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. तरीही मनात जो किंतु उरतो तो मात्र ‘मला जमणार नाही’ असाच उरतो. दुसऱ्यांनी ठेवलेली नावे आपण आपल्याच नावाने मनात जपून ठेवतो, हे मला फार उशिरा कळले.

कोल्हापूरला तेव्हा ‘प्रभात’ कंपनी होती. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी ती काढली. प्रभातने आपल्या पहिल्या बोलपटासाठी विषय निवडला तो पुन्हा हरिश्चंद्राचाच : ‘अयोध्येचा राजा’. दिग्दर्शक व्ही. शांताराम, राजा हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेच. आणि तारामतीसाठी शांतारामांनी मागणी घातली ती ‘फरेबी जाल’मुळे पोळलेल्या दुर्गाबाईंना.

या मागणीला होकार देणे हे ते दुसरे पाऊल. पहिल्या वेळी परिणाम ठाऊक नव्हता, आता पुरता ठाऊक होता. त्यातून काम पाहा किती अवघड! पार्श्वगायन अजून निघाले नव्हते. पडद्यावर जी दिसेल तिनेच, चित्रीकरण चालू असतानाच गावयाचे. वादक कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर कोठे तरी बसलेले. आवाज टिपणारे यंत्र आसपास लपविलेले. सूर घसरला, शब्द अडखळला, की सगळे पहिल्यापासून. चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा घ्यावयाचा असल्यामुळे मराठीत रडून झाले की हिंदीत पुन्हा रडावयाचे. आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या, गाडीघोड्यांत वाढलेल्या बाईने काशीच्या बाजारात विकली जाणारी राणी व्हावयाचे. मांडीवर मेलेले मूल घेऊन स्मशानात जावयाचे.

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला. मराठी बोलपटांचा इतिहास त्यापासून सुरू होतो असे म्हणण्यास हरकत नाही. जी तारामती उभी करावयास १९१३ मध्ये उपाहारगृहातला एक तरुण लागला, ती एकोणीस वर्षांनी एका सुशिक्षित, कुटुंबवत्सल बाईने उभी केली; स्वतःच्या आवाजात गाऊन उभी केली. आणि लोकांनी ती मानली. काही महिन्यांपूर्वी नाके मुरडणारी तोंडेच आता तारामतीच्या दुःखाने हळहळू लागली. त्या तोंडांविषयी मला फारसे प्रेम नाही. पण बोलणारे लोक कायमचे बोलत नाहीत, एवढे त्यातून दिसते.

माझ्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे की, हे सारे ठीक. पण दुर्गाबाईंच्या पाठीशी शिक्षण होते, वडिलांचे नाव होते, शांतारामांसारखा दिग्दर्शक होता. ते खरे आहे. कामतांच्या दुर्गाबाईंना यातले काहीच नव्हते. खोट्यांच्या दुर्गाबाईंना धीटपणाचा पुतळा करून ठेवू नये, असे मलाही वाटते. गरज, चांगले साथीदार आणि जीव तोडून केलेली मेहनत यांनी त्यांना उभे केले. धीर आधी आला आणि काम मागून आले असे नव्हे. काम करता करताच धीर आला असावा.

पुढचे भराभर सांगते. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये, पाळीव चित्ता जवळ बाळगणारी, पुरुषांवर हुकूम चालविणारी राणी त्या झाल्या. कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’ (१९३३) आणि ‘सीता’ (१९३४) मध्ये त्यांनी कामे केली. नटनट्यांनी एका कंपनीचे पगारी नोकर म्हणून राहावयाचे अशी तेव्हा रीत होती. दुर्गाबाईंनी स्वतःला तसे बांधून घेतले नाही. १९३६ च्या ‘अमर ज्योती’मध्ये त्या समुद्रावरील चाच्यांच्या पुढारी सौदामिनी झाल्या, हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. १९३७ मध्ये ‘साथी’ हा चित्रपट त्यांनी स्वतः काढला. आणि १९४१ च्या ‘पायाची दासी’मध्ये खाष्ट सासू केली! नायिकेचे नाव मिळवलेल्या बाईने सासूचे काम पत्करणे हेदेखील एक धाडसच. ‘मोगल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई तर सर्वांनाच आठवते.

दरम्यान रंगभूमीवरही वारे पालटले होते. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात ज्योत्स्ना भोळे आल्या आणि घरंदाज मुलीने नाटकात जाणे हळूहळू नवलाचे राहिले नाही. दुर्गाबाईंनीही मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून ‘भाऊबंदकी’मधील आनंदीबाई आणि मॅकबेथवरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मधील राणी या भूमिका केल्या. पडद्यावर नाव झालेल्या बाईने प्रेक्षकांसमोर जिवंत उभे राहणे वेगळे. तेथे पुन्हा घेण्याची सोय नसते. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८२ च्या सुमारास त्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र आले. ते भगिनींनी अवश्य मिळवून वाचावे. १९८३ चे दादासाहेब फाळके पारितोषिक त्यांना देण्यात आले. ज्या फाळक्यांना तारामती मिळत नव्हती त्यांच्याच नावाचे पारितोषिक! २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या वारल्या.

आता माझे. लग्नानंतर चारच वर्षांनी मी आपल्याकडील एका उत्सवाच्या नाटकात काम केले होते. दुसऱ्या अंकात बोलता बोलता मध्येच वाक्य विसरले. पडद्यामागून सांगितले तेही ऐकू आले नाही. समोरच्या रांगेत कोणी तरी मोठ्याने हसले. ते हसू आजही ओळखू येईल. घरी कोणी काही बोलले नाही, आणि त्या न बोलण्याचेच मला जास्त लागले. त्यानंतर पुष्कळ वर्षे मी पडद्यामागे बसून इतरांच्या वेण्या घातल्या, रंग लावला, टाळ्या वाजवल्या. कोणी आग्रह केला की म्हणावयाचे, “मला आवडच नाही हो.” आवड नव्हती तर प्रत्येक नाटकातील सगळ्यांची भाषणे मला पाठ कशी होती, हे कोणी विचारले नाही, ते बरेच झाले.

गेल्या संक्रांतीला आत्याबाईंच्या भूमिकेसाठी ठरलेल्या भगिनी आजारी पडल्या आणि कार्यवाह बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माझे नेहमीचे वाक्य ओठांवर आले होते. त्याच आठवड्यात मी दुर्गाबाईंचे पुस्तक वाचीत होते, म्हणून असेल, किंवा वय झाल्यामुळे लाजण्याचा कंटाळा आला होता म्हणून असेल, पण मी म्हटले, “वही ठेवून जा.”

तालमी सध्या मंडळाच्या मागल्या खोलीत सायंकाळी पाच वाजता चालू आहेत. तिसऱ्या प्रवेशातील एक लांब वाक्य अजून अडते. नात माझ्यासमोर वही घेऊन बसते आणि मी चुकले की टेबलावर पेन्सिल आपटते. उत्सवाच्या दिवशी भगिनींनी पुढच्या रांगेत बसावे. हसू आले तर हसावे; भूमिका विनोदीच आहे.