सुपारी, शिधा आणि शिळा तुकडा

महाराष्ट्रात गाण्याबजावण्याचा करार सुपारीने ठरतो. तमाशाचा फड असो, बँडपथक असो की हलगीचा ताफा असो, ‘सुपारी घेतली’ म्हणजे तारीख पक्की झाली, असे आजही बोलले जाते. आता सुपारीच्या जागी रोख विसार असतो. शब्द मात्र जुनाच राहिला आहे. कलावंत आणि यजमान यांच्यातला पहिला व्यवहार असा खाण्याच्या वस्तूने होतो. परंतु सुपारी हाती पडल्यावर पुढचे ताट सर्वांना सारखे मिळाले नाही. कोणाला काय वाढले, कधी वाढले, कोठे बसवून वाढले, हे वाजविणाऱ्याच्या हातातील कसबाने ठरले नाही. त्याच्या जातीने ठरले.

आपल्याकडे संगीताचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. घराणी, राग, बंदिशी, गुरूंच्या वंशावळी यांवर ग्रंथ आहेत. रात्रभर वाजवून पहाटे घरी परतणारा वाजंत्री काय खाऊन आला, हा प्रश्न त्या ग्रंथांना पडत नाही. तो क्षुल्लक वाटतो. ज्यांना ताट कधी नाकारले गेले नाही त्यांना तो क्षुल्लक वाटणारच. आपल्याला तो विचारला पाहिजे, कारण आपल्या वाडवडिलांच्या कलेचा इतिहास पोटाला वगळून लिहिताच येत नाही.

जुन्या गावगाड्यात कलावंताला अन्न देण्याचे तीन प्रकार होते. पहिला शिधा. ब्राह्मण कीर्तनकार गावात आला की त्याला तांदूळ, डाळ, पीठ, गूळ, तूप असे कोरडे धान्य द्यावयाचे. तो आपल्या हाताने शिजवून खाणार, कारण इतरांच्या हातचे त्याला चालत नसे. न शिजवलेले अन्न देणे हा त्याच्या सोवळ्याचा मान होता. दुसरा प्रकार पंगतीचा. ज्याच्या हातचे पाणी चालते अशा जातीचा कलावंत ओसरीवर बसून जेवे. तिसरा प्रकार शिळ्या तुकड्याचा. तो महार, मांग, होलार वाजंत्र्यांच्या वाट्याला आला. शिजलेले, उरलेले, पुष्कळदा उष्टे अन्न, आणि तेही वरून टाकलेले. एकाला कोरडे देण्यात आदर, दुसऱ्याला शिजलेले देण्यात अवहेलना! एकाच घरातून, एकाच दिवशी बाहेर पडणारे अन्न कसे दिले जाते यावरून घेणाऱ्याची पायरी गावाला कळत असे.

लग्नाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. हळदीला वाजप, नवरदेवाच्या स्वागताला वाजप, लग्न लागताना वाजप, वरातीला वाजप. वाजंत्र्यांचे काम मांडव उभारण्यापासून वरात उतरेपर्यंत चालते. सनई वाजविणारा भरल्या पोटी नीट फुंकू शकत नाही. श्वास कमी पडतो. म्हणून वाजविण्याआधी तो बेताचेच खातो. घरून फडक्यात बांधून आणलेली भाकरी, कांदा, मिरचीचा ठेचा, एवढ्यावर दिवस निघे. सनईच्या साथीला अखंड सूर धरणारा असतो, त्याला तर दम घ्यायलाही उसंत नसते. मधल्या वेळी चहा, तोही बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात. थंडीच्या रात्री हलगीचे कातडे सैल पडते, तेव्हा काटक्या-पाचटाची आगटी पेटवून ती शेकावी लागते, मग तिचा आवाज कडक निघतो. हलगीला शेक देण्याची काळजी सर्वांनाच असे, कारण ती बोलली नाही तर वरात निघत नाही. ती वाजविणाऱ्याच्या पोटात काही पडले का, हे कोण विचारणार? पाहुण्यांच्या पंगती उठल्या, घरची माणसे जेवली, पत्रावळी निघाल्या, की मग ‘अरे, वाजंत्र्यांचं राहिलं’ अशी कोणाला तरी आठवण येई. उकिरड्याच्या अंगाला घोंगडी पसरून ती माणसे बसत आणि उरलेसुरले वाढले जाई. एरवी त्यांची सावली टाळणारे गाव त्यांच्या वाजपावाचून लग्न लावायला मात्र तयार नसे.

येथे व्यवस्थेचा एक मोठा विरोधाभास आहे. सनईची पिपाणी वाजविणाऱ्याच्या ओठात, त्याच्या थुंकीने भिजलेली असते. त्याच्या श्वासातून निघालेला सूर मांडवभर पसरतो आणि मंगल ठरतो. तो सूर कोणाला विटाळत नाही. त्याच माणसाने पाण्याच्या घागरीला हात लावला तर घागर बाटते. सूर खालून वर जाऊ शकत होता. अन्न मात्र वरूनच खाली यावयाचे, अशी ही रचना होती. सूर कोणाचा हे विसरता यावे, म्हणूनच सूर काढणाऱ्याला ताटाजवळ त्याची जागा पुन्हा पुन्हा दाखवून दिली जात होती.

या अन्नाला ‘हक्क’ असे म्हटले जाई. हा शब्द नीट तपासला पाहिजे. बलुत्यात मजुरीचा दर नसतो. किती रात्री वाजविले, किती कोस चाललो, याचा हिशेब नसतो. सुगीला खळ्यावरचे धान्य आणि सणासुदीला, लग्नकार्याला तुकडा. दर नाही म्हणून भांडण नाही, आणि देणाऱ्याची मर्जी म्हणून मान वर करण्याची सोय नाही. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला दया पवारांनी ‘बलुतं’ हेच नाव दिले. त्या एका शब्दात भाकरी आणि गुलामी दोन्ही आहेत.

तमाशात चित्र थोडे वेगळे. फड ही फिरती वसाहत असते आणि तिची चूल तिच्याबरोबर फिरते. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा. रात्री खेळ, पहाटे तंबू उतरवायचा, दिवसा प्रवास, मुक्कामी पोचल्यावर स्वयंपाक. नाचणारी बाई पायांत घुंगरांचे ओझे बांधण्यापूर्वी जड काही खाऊ शकत नाही. गळ्यासाठी खडीसाखर, लवंग, ज्येष्ठमध. झोप मारण्यासाठी चहा आणि तंबाखू. खरे जेवण खेळ संपल्यावर, म्हणजे लोक उठून तोंड धुतात त्या वेळी. फडात नाना जातींची माणसे एका चुलीवरचे खात, ही गोष्ट गावगाड्यात दुर्मीळ होती. पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण. पवळा महार समाजातली. त्यांच्या जोडीने फड गाजविले आणि ब्राह्मण समाजाने बापूरावांना बाहेर टाकले. १९४५ साली ते विपन्नावस्थेत वारले. त्यांनी सोडलेल्या जातीची हळहळ पुष्कळांनी केली. पवळेला जन्मापासून जे भोगावे लागले त्याची हळहळ करणारे किती?

फडाच्या चुलीलाही मालक असतो, हे विसरू नये. पावसाळ्यात फड बंद पडतो आणि कलावंताच्या घरी चूल पेटत नाही. मग उचल घ्यावयाची आणि पुढच्या हंगामात ती फेडायची. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात. त्या सुपारीतला कलावंताचा वाटा पुष्कळदा आषाढ-श्रावणातच खाऊन झालेला असतो.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी हा त्या परिषदेचा जगजाहीर भाग. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडण्याचा उपदेश केला होता. एका ओंजळीत पाणी घ्यावयाचे आणि दुसऱ्या हातातला तुकडा टाकून द्यावयाचा, असा तो दुहेरी कार्यक्रम होता. त्यानंतर अनेक गावांत महारांनी येसकरकी सोडली, वाजप सोडले, पाटी घेऊन दारोदार फिरणे सोडले. गावांनी बहिष्काराने उत्तर दिले: धान्य बंद, मजुरी बंद, वाट बंद. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी झाली, आणि तोवर १९५६ च्या धर्मांतराने देवळापुढे वाजविण्याचे कारणच संपविले होते.

येथे आपल्याच माणसांना एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. महारांनी हलगी खाली ठेवली तेव्हा ती रिकामी राहिली नाही. पुष्कळ गावांनी ते काम मातंगांच्या गळ्यात अडकविले, आणि तुकडाही त्यांच्याच पदरात टाकला. ज्याला एक बिघा जमीन नव्हती त्याने तो घेतला. मग आपल्यातलेच काही त्याला हसले. हे हसणे पाप होते. तुकडा सोडण्याची ताकद संघटनेतून येते. ज्याच्यापर्यंत संघटना पोचली नाही त्याला हिणवून ती पोचत नाही. गावाला दोन जाती एकमेकींविरुद्ध उभ्या करावयाच्या होत्या आणि त्या कामी त्याने वाद्य वापरले. अण्णा भाऊ साठे मातंग समाजातून आले, तमाशातून घडले, १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात उभे राहिले. १९५९ च्या ‘फकिरा’त त्यांनी उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा नायक उभा केला आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. एकाने वाद्य खाली ठेवले, दुसऱ्याने तेच उचलून व्यवस्थेवर उगारले. हे दोन्ही मार्ग एकाच भुकेतून निघाले होते.

मग दोष वाद्यात होता काय? या प्रश्नाचे उत्तर आंबेडकरी जलशांनी दिले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचेच ढोलकी-तुणतुणे घेतले, साचा बदलला, आशय बदलला, असे आपण नेहमी सांगतो. आणखी एक गोष्ट बदलली ती आपण सांगत नाही. त्यांचे ताट बदलले. जलसा वस्तीत येई आणि वस्तीच त्याला जेवू घाली. घरटी दोन-दोन भाकरी, कोठे डाळ, कोठे कोरड्यास, कोठे नुसती चटणी. ते अन्न गरिबीचे होते. ते वरून टाकलेले नव्हते. कलावंत वस्तीतल्या माणसांच्या मांडीला मांडी लावून, आधी किंवा मागे नव्हे, बरोबर जेवत होता. आणि हे अन्न दिवसभर शेतात राबून रात्री पुन्हा चुलीपुढे बसलेल्या आपल्या आयाबहिणींनी रांधलेले होते. जलशाच्या इतिहासात शाहिरांची नावे आहेत, त्या भाकरी थापणाऱ्या हातांची नाहीत.

१९७२ साली दलित पँथरने नाव घेताना अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडे पाहिले होते. तिकडच्या वादकांचाही हाच अनुभव. दक्षिणेतल्या राज्यांत ज्या सभागृहात त्यांनी गोऱ्यांना नाचविले, त्याच्या शेजारच्या खाणावळीत त्यांना बसता येत नसे. १९३० नंतरच्या दशकात ड्यूक एलिंग्टन यांनी दक्षिणेच्या दौऱ्यासाठी आपल्या वाद्यवृंदाकरिता रेल्वेचे स्वतंत्र डबे भाड्याने घेतले; जेवण आणि झोप तेथेच, अपमान टळे. १९३६ पासून काळ्या प्रवाशांना कोठे जेवता-राहता येईल हे सांगणारे ‘ग्रीन बुक’ निघू लागले. काळ्या कलावंतांच्या कार्यक्रमांच्या ठिकाणांना मिळून ‘चिटलिन सर्किट’ म्हणत. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी. मालकाने टाकून दिलेला, गुलामाच्या वाट्याला आलेला भाग. त्यांनी ते नाव लपविले नाही. लुई आर्मस्ट्राँग तर आपल्या पत्रांखाली सही करताना लाल घेवडा आणि भात या आवडत्या जेवणाचे नाव घालीत. आपल्याकडे शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ लिहून आपल्या चुलीवरचे पदार्थ नावानिशी छापले, हे त्याच जातीचे धैर्य आहे.

आज काय आहे? वाजंत्र्यांच्या अंगावर झगमगता गणवेश आला, हलगीबरोबर ट्रकवरचे ध्वनिक्षेपक आले, पंगतीच्या जागी उभ्याने जेवण आले. पण गणवेशातली पोरे मांडवाच्या मागे, भांडी घासण्याच्या जागेजवळ, पाहुणे संपण्याची वाट पाहताना अजून दिसतात. अस्पृश्यता कायद्याने गेली. ताटाची वेळ तिने मागे ठेवली.

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवितो. पहिली: सुपारी घेताना जेवणही बोलून घ्या. किती वाजता, कोठे बसून, कोणत्या पंगतीत. पैशाइतकेच ते मजुरीचे अंग आहे. दुसरी विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी: आपल्या गावातल्या म्हाताऱ्या वाजंत्र्याकडे, तमासगिराकडे जा, आणि कोणते राग, कोणते ताल हे विचारण्याआधी विचारा: बाबा, वाजवून आल्यावर काय खाल्लंत? तो थोडा वेळ गप्प बसेल. मग जे सांगेल ते लिहून घ्या.