ओहमचं पहिलं सूत्र का चुकलं?

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, दोघांचा गुणाकार केला की शक्ती. आज हे शाळेतलं गणित आहे. पण कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहमने 1825 मध्ये छापलेलं सूत्र चुकीचं होतं. कारण साधं होतं: मोजता मोजताच त्याची बॅटरी उतरायची. पोगेनडॉर्फ या संपादकाने सुचवलं, थर्मोकपल वापरून पाहा. 1826 मध्ये ओहमने बिस्मथ-तांब्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून व्होल्टेजही कायम. मग तारेची लांबी बदलली की करंट कसा बदलतो, ते स्वच्छ दिसलं आणि योग्य नियम सापडला. रोधाचा हा पाया असल्यामुळेच 1841 मध्ये जूलला उष्णतेचा हिशोब मांडता आला. तेव्हा डेटावर सूत्र बसवण्याआधी एवढं तपासा: आपला स्रोत स्थिर आहे ना?