नंदुरबारचा रसायनज्ञ आणि पेशीतील रूळ

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ च्या फेब्रुवारी महिन्यात पहिली झोतभट्टी पेटली, आणि पुढे देशाच्या रेल्वेला लागणारे रूळ येथून जाऊ लागले. या भिलाईच्या परिसरातील कुरुद येथे राहणाऱ्याला रूळ म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. परंतु आज ज्या रुळांविषयी बोलावयाचे आहे ते पोलादाचे नव्हेत. ते आपल्या प्रत्येकाच्या शरीरात, पेशीपेशीत पसरलेले आहेत. शास्त्रज्ञ त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात.

ही नलिका ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. या प्रथिनाचे कण एकापुढे एक लागून दोरा तयार होतो, आणि बहुधा असे तेरा दोरे शेजारी शेजारी येऊन एक पोकळ नळी सिद्ध होते. तिची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरच्या रुंदीत अशा चाळीस हजार नळ्या मावतील. पेशीतील माल याच मार्गांवरून वाहिला जातो. पेशी दुभंगण्याची वेळ आली की याच नळ्यांची चाती तयार होते, आणि गुणसूत्रांची वाटणी दोन्ही घरी समसमान होते.

पण पोलादाच्या रुळात आणि या रुळात एक मोठा भेद आहे. आपले रूळ एकदा टाकले की वर्षानुवर्षे जागेवर राहतात. पेशीतील रूळ मात्र एकसारखे टाकले जातात आणि उखडलेही जातात. १९८४ साली मिचिसन आणि कर्श्नर या शास्त्रज्ञांनी हा अखंड चाललेला खेळ दाखवून दिला. रूळ कोठे टिकवावा आणि कोठे मोडू द्यावा, याची व्यवस्था पाहणारी निराळी प्रथिने आहेत. त्यांपैकी 'टाऊ' हे प्रथिन १९७५ साली कर्श्नर यांच्याच प्रयोगशाळेत सापडले. ते घडविणारे जनुक मनुष्याच्या सतराव्या गुणसूत्रावर आहे. मज्जापेशींच्या लांबलचक तंतूंतील रूळ सांभाळणे हे टाऊचे काम. अल्झायमरच्या स्मृतिनाशक विकारात हेच टाऊ रुळांपासून सुटून गुंत्यांच्या रूपाने साचलेले आढळते. चाकर घर सोडून गेला की घराची जी दशा होते, तीच मज्जापेशीची होते.

माणसाने या रुळांना हात घातला तो ते डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी. युरोपात एका रानफुलाचा कंद सांधेदुखीवर दिला जात असे. त्यातील द्रव्य कोल्चिसीन. आपल्या रानांतील कळलावीतही ते असते. हे द्रव्य ट्युब्युलिनला चिकटून नवा रूळ बनूच देत नाही, आणि पेशीची विभागणी अर्ध्यावर थांबते. आपल्या अंगणातील सदाफुलीची कथाही अशीच. मधुमेहावर ती गुणकारी आहे अशी लोकसमजूत होती. तिची परीक्षा करीत असता कॅनडात नोबल आणि बीअर यांच्या हाती १९५८ साली रक्ताच्या कर्करोगांवर चालणारे औषध लागले. तेही रूळ बांधू देत नाही. कर्करोगाची पेशी म्हणजे अविरत दुभंगणारी पेशी. तिचा रूळ अडविला की तिची वाढ खुंटते, हे यातले मर्म.

आता नंदुरबारकडे वळू. १९४२ च्या आंदोलनात बाल शिरीषकुमारांच्या बलिदानाने हे गाव महाराष्ट्राच्या मनात कोरले गेले आहे. त्याच नंदुरबारात, त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, १९२५ साली मनसुख वाणी यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले, आणि डॉक्टरेट झाल्यावर १९६२ साली नॉर्थ कॅरोलिनातील एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांचे सहकारी झाले.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले नावाचा अमेरिकन शासनाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ वॉशिंग्टन राज्यातील अरण्यात साली गोळा करीत हिंडत होता. वनस्पतींतून कर्करोगावरचे औषध शोधण्याच्या सरकारी योजनेतील ते नेहमीचे काम. गोळा केलेल्या नमुन्यांत 'यू' नावाच्या, लाकूडतोड्यांच्या लेखी क्षुल्लक अशा वृक्षाची साल होती. तिचा अर्क पेशींना मारतो असे १९६४ साली दिसले, आणि ते काम वॉल व वाणी यांच्याकडे आले. सुमारे १२ किलो वाळल्या सालीतून शुद्ध द्रव्य हाती आले ते अवघे अर्धा ग्रॅम! त्या अर्ध्या ग्रॅमची रचना उलगडून १९७१ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. द्रव्याला त्यांनी नाव दिले 'टॅक्सॉल'. त्याआधी १९६६ साली याच जोडीने एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे दुसरे गुणी द्रव्य वेगळे केले होते.

मात्र टॅक्सॉलला जवळ करण्यास फारसे कोणी उत्सुक नव्हते. ते पाण्यात विरघळेना, मिळे ते अत्यल्प, आणि त्यासाठी झाड सोलावे लागे. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये सुसान हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे दाखविले त्याने चित्र पालटले. कोल्चिसीन आणि सदाफुली रूळ बांधू देत नाहीत. टॅक्सॉल बांधलेला रूळ मोडूच देत नाही! रूळ जागच्या जागी ताठ राहतात, चाती हलत नाही, आणि पेशी दुभंगण्याच्या उंबरठ्यावर अडकून मरते. बांधण्याइतकेच मोडणेही जीवनाला आवश्यक आहे, हे सत्य एका झाडाच्या सालीने शिकविले.

१९९२ च्या डिसेंबरात अंडाशयाच्या कर्करोगासाठी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि दोन वर्षांनी स्तनाच्या कर्करोगासाठी. पण मान्यतेच्या आधीच एक कठीण प्रश्न उभा राहिला होता. यू अतिशय सावकाश वाढतो, आणि साल काढली की तो मरतो. एकीकडे मृत्यूच्या दारी उभी असलेली रुग्ण स्त्री, दुसरीकडे शेकडो वर्षांचे अरण्य; कोणाचा बळी द्यावा? अमेरिकेच्या संसदेने १९९२ सालीच या वृक्षासाठी स्वतंत्र कायदा केला. खरी सुटका मात्र रसायनशास्त्राने केली. फ्रान्समध्ये पोतिए यांनी युरोपीय यूच्या पानांतून असे द्रव्य मिळविले की त्यापासून औषध घडविता येते. पाने खुडली तरी झाड जगते आणि पुन्हा पालवते. आपल्या हिमालयातील थुणेर हा याच कुळातील वृक्ष. त्याच्यावरही या मागणीची कुऱ्हाड पडली, आणि १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

हे औषध निर्दोष आहे असे मात्र नव्हे. मज्जातंतूंनाही रूळ लागतातच; म्हणून अनेक रुग्णांच्या हातापायांना बधिरता येते. शत्रूचा आणि मित्राचा रस्ता एकच असला की असे होणारच.

शासकीय सेवेत असलेल्या माझ्यासारख्याला या कथेतील एक गोष्ट विशेष विचार करावयास लावते. साल गोळा करण्यापासून औषधास मान्यता मिळेपर्यंत तीस वर्षे लोटली. त्यांतील बरीच वर्षे दाखविण्याजोगे फळ काहीच नव्हते. एखाद्या काटेकोर हिशेबनिसाने 'निष्फळ' असा शेरा मारून ते काम सहज बंद केले असते, आणि नियमाप्रमाणे त्यात त्याची चूकही कोणी काढली नसती. खर्च आजच्या वहीत दिसतो. वाचलेल्या प्राणांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. वॉल आणि वाणी यांनी दिलेले 'टॅक्सॉल' हे नाव पुढे एका कंपनीचे व्यापारचिन्ह झाले, आणि द्रव्याला 'पॅक्लिटॅक्सेल' असे दुसरे नाव घ्यावे लागले. शोध लावणाऱ्यांकडे शोधाचे नावही राहिले नाही.

२००० साली या दोघांना कर्करोग संशोधनाचा केटरिंग पुरस्कार मिळाला. वॉल २००२ मध्ये निवर्तले. वाणी २०२० च्या एप्रिलमध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी. आज आपल्या कर्करोग रुग्णालयांतून हे औषध शिरेवाटे थेंबाथेंबाने दिले जाते. ज्या माउलीच्या देहात ते उतरते तिला बहुधा त्या अरण्याचे, त्या सालीचे वा नंदुरबारच्या त्या रसायनज्ञाचे नावही ठाऊक नसते. तिला ते ठाऊक असण्याची गरज नाही. पण आपण, जे आज स्वस्थपणे ऐकत बसलो आहोत, त्यांनी मात्र ते जाणून घ्यावे.