प्रारंभिक वाचन-लेखन (मराठी)

प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन-तीन इयत्तांत मुलांना लिपीची ओळख करून देणे, अर्थासह वाचायला आणि मनातले लिहायला शिकवणे.

परंपरा : पंतोजींच्या गावठी शाळांत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, पाढे पाठ करीत आणि व्यवहारासाठी मोडी शिकत. ब्रिटिश अमलात मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके निघाली. १९६७ साली पुण्यात ‘बालभारती’ची स्थापना झाली, तेव्हापासून राज्याची पाठ्यपुस्तके हे मंडळ तयार करते.

लिपीतील अडचणी : ‘कि’मधील वेलांटी आधी लिहितात, तिचा उच्चार मात्र क्‌नंतर होतो. ‘घर’ म्हणताना शेवटच्या ‘र’मधला अ ऐकू येत नाही, त्यामुळे ‘घ… र…’ असे सुटे वाचणाऱ्या मुलाला ओळखीचा शब्दही चटकन सापडत नाही. ‘जग’ म्हणजे विश्व की ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप, यावर ‘ज’चा उच्चार बदलतो, आणि तो संदर्भावरूनच ठरतो.

पद्धती : जुन्या पद्धतीत आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द असा क्रम असे. आकारसाम्य पाहून ग, म, भ, न अशी अक्षरे एकत्र शिकवल्यास हात लवकर वळतो. शब्दपद्धतीत व वाक्यपद्धतीत सुरुवात अर्थापासून होते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मोजकी अक्षरे आणि स्वरचिन्हे बरोबरीने शिकवून मुलांना लवकर शब्दांपर्यंत नेण्यावर भर दिला.

बोली आणि शाळा : सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील कर्ली नदीकाठच्या वालावलसारख्या गावांत घरची बोली मालवणी आहे. पुस्तकातला ‘मुलगा’ घरी ‘झील’ असतो, ‘मुलगी’ ‘चेडू’, ‘मला’ ‘माका’ आणि ‘आहे’ ‘आसा’. अशा वेळी अक्षरे बरोबर जुळवूनही शब्द परका राहू शकतो. मुलांचे बोलणे फळ्यावर जसेच्या तसे लिहून वाचून घेणे आणि मग शेजारी प्रमाणरूप मांडणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातही शक्यतो मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे.

मूल्यमापन : ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन-लेखन व अंकज्ञान यावे, असे उद्दिष्ट ठेवले. तपासताना बोलीतला शब्द आणि लेखनातली चूक यांत फरक करावा लागतो. ‘माका’ हा शब्द नीट लिहिणाऱ्या मुलाला अक्षर आणि काना दोन्ही येतात. त्याला शिकवायचा उरतो तो प्रमाणभाषेतला प्रतिशब्द. ‘मला’च्या जागी ‘मल’ लिहिणाऱ्याला मात्र कान्याचा सराव हवा.