तळटीप : कुवेतमधली ‘बार्ली’
* लेखकाने कुवेतमध्ये मागवलेली ‘बार्ली’ म्हणजे मद्यविरहित माल्टपेय. तिथे दारूबंदी कडक आहे. त्यांना आठवते ती पुण्याच्या ब्रूपबमधली बार्ली वाइन मात्र जवाच्या माल्टची कडक बिअर. पाण्याच्या मानाने माल्ट भरपूर, म्हणून मद्यांश साधारण ८ ते १२ टक्के. महिनोन्‌महिने मुरली की काकवी-मनुकांची चव उतरते. छोट्या ग्लासातून घोट घोट घ्यायची. कुवेतमध्ये चोरून गाळलेल्या दारूची मात्र चव पाहण्याचाही मोह कुणी धरू नये, हे इथे सांगायलाच हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने २३ जण दगावले, तेही पोटासाठी आलेले आशियाई लोक. मिथेनॉल जिभेला ओळखू येत नाही. काही तासांनी दृष्टी अंधुक होऊ लागते, तेव्हा कळते.