आघाडीची दोन मिनिटं

15 जुलै 1952, मंगळवार. हेलसिंकी.
युगोस्लाव्हिया 10, भारत 1. भारताचा एकमेव गोल अहमद खानचा, 89व्या मिनिटाला. फिनलंडच्या गारठ्यात भारताचे कित्येक खेळाडू अनवाणी खेळले. ऑलिम्पिक फुटबॉलमधला मुक्काम एका सामन्यात आटोपला.

संघ परतल्यावर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. ती चूक सुधारली. दुसरी मात्र तशीच राहिली. आंतरराष्ट्रीय सामना 90 मिनिटांचा आणि आपल्या देशी स्पर्धांमधले सामने 70 मिनिटांचे. शेवटची 20 मिनिटं आपला खेळाडू फक्त परदेशी संघासमोर खेळत असे.

1954.
मुंबईने संतोष करंडक जिंकला. संघात 22 वर्षांचा सेंटर फॉरवर्ड होता, टाटा स्पोर्ट्स क्लबचा नेव्हिल डिसोझा. जन्म 3 ऑगस्ट 1932 चा, बार्देशातल्या आसगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि 19 डिसेंबर 1961 पर्यंत राहिला. म्हणजे भारताची जर्सी घालून नेव्हिल ऑलिम्पिकला गेला तेव्हा त्याचं जन्मगाव भारतात नव्हतं.

मुंबईचं फुटबॉल त्या काळी कंपन्यांच्या आधारावर उभं होतं. टाटा, कॅल्टेक्स अशा आस्थापनांनी खेळाडूंना नोकरी द्यायची आणि मैदानावर सोडायचं. पोट नोकरीवर, नाव मैदानावर.

4 नोव्हेंबर 1956, रविवार. उपांत्य सामन्याला 30 दिवस बाकी.
सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. मेलबर्न ऑलिम्पिकच्या पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हंगेरीने फुटबॉल संघ मागे घेतला आणि भारताला पुढे चाल मिळाली.

प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक. हंगेरीचा खेळ त्यांनी बारकाईने अभ्यासला होता. एका स्पर्शात पास देणं, कच्च्या पायाने खेळायचा सराव, सेंटर फॉरवर्डच्या मागे मोकळ्या जागेत खेळणारा आघाडीवीर, हे सगळं ते आपल्या मुलांना शिकवत होते. ज्यांच्याकडून शिकले, त्यांच्याशी सामना झालाच नाही.

28 नोव्हेंबर, बुधवार. 6 दिवस बाकी.
युगोस्लाव्हिया 9, अमेरिका 1. तोदोर वेसेलिनोविचचे तीन गोल. युगोस्लाव्हियाचे खेळाडू कागदोपत्री हौशी होते. प्रत्यक्षात त्यांच्या पहिल्या फळीतली नावं या संघात होती. 19 वर्षांचा द्रागोस्लाव शेकुलारात्सही त्यांच्याकडे होता.

पुढच्या सामन्याआधी त्यांना पाच पूर्ण दिवस विश्रांती मिळणार होती.

1 डिसेंबर, शनिवार. 3 दिवस बाकी.
उपांत्यपूर्व फेरी, यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध. नेव्हिल डिसोझाच्या नावाने हा सामना इतिहासात गेला. तो मिनिटांसकट पाहायला हवा, कारण पुढचं सगळं त्यात दिसतं.

9व्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. 1-0.
17व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोचा गोल. 1-1. आघाडी टिकली आठ मिनिटं.
33व्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. 2-1.
41व्या मिनिटाला पुन्हा मॉरो. 2-2. याही वेळी आठ मिनिटं.
50व्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा गोल. 80व्या मिनिटाला सहकारी किट्टूचा. अखेर 4-2.

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश. त्या संध्याकाळी लक्षात राहण्याजोगं हेच होतं आणि हेच राहिलं.

पण कागदावर दुसरीही एक नोंद होती. भारताने एका तासाच्या आत दोनदा मिळवलेली आघाडी दोनदा गमावली होती, आणि तीही त्या स्पर्धेतल्या बलाढ्य संघासमोर नव्हे. हॅटट्रिकच्या आनंदात ही नोंद झाकली गेली. मला ती त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

भारताला विश्रांती मिळाली दोन पूर्ण दिवस.

4 डिसेंबर, मंगळवार. मेलबर्न.
उपांत्य सामना. समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. हेलसिंकीला चार वर्षं आणि साडेचार महिने झाले होते. कर्णधार समर बॅनर्जी. संघात पी. के. बॅनर्जी, तुळसीदास बलराम, केंपय्या, सलाम. बदली खेळाडू उतरवण्याची मुभा तेव्हाच्या नियमांत नव्हती. मैदानात उतरलेल्या अकरा जणांनीच शेवटपर्यंत निभवायचं.

मेलबर्नचं घड्याळ मुंबईच्या साडेचार तास पुढे. मुंबईत कामाचा वार होता.

0 ते 45.
गोल नाही. ज्या संघाने दहा गोल चढवले होते, त्याला भारताने अख्खा पूर्वार्ध रोखून धरलं. रहीम यांच्या चार वर्षांच्या कामाचं मोजमाप करायचं तर मी हॅटट्रिकच्या आधी या 45 मिनिटांकडे बोट दाखवीन.

मध्यंतर.
0-0. अंतिम सामना 45 मिनिटांवर.

52वं मिनिट.
नेव्हिल डिसोझाचा गोल. भारत 1, युगोस्लाव्हिया 0.

स्पर्धेतला त्याचा हा चौथा गोल. दोन सामने पूर्ण व्हायच्या आत चार. भारतीय फुटबॉल ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या इतकं जवळ याआधी कधी आलं नव्हतं, यानंतरही कधी आलं नाही. उरलेली मिनिटं 38.

नियमाप्रमाणे चेंडू मध्यरेषेवर गेला. सुरुवात युगोस्लाव्हियाने करायची. गोल करणाऱ्या संघासाठी हीच वेळ नाजूक असते. धावाधाव, मिठ्या, आणि बचावातल्या जागा अजून भरलेल्या नसतात. शनिवारी आघाडी दोनदा निसटली होती. तेव्हा आठ-आठ मिनिटं मिळाली होती.

54वं मिनिट.
झ्लात्को पापेत्सचा गोल. 1-1.

आघाडी टिकली दोन मिनिटं.

57वं मिनिट.
वेसेलिनोविचचा गोल. 1-2. पाच मिनिटांत तीन गोल झाले होते, त्यातला एक आपला.

65वं मिनिट.
पुन्हा पापेत्स. 1-3.

70वं मिनिट.
मुंबईत, कलकत्त्यात किंवा हैदराबादेत सामना असता तर शिट्टी इथे वाजली असती. मेलबर्नमध्ये 20 मिनिटं शिल्लक होती.

पराभवाचं कारण म्हणून नेहमी दमछाक सांगितली जाते. चार दिवसांतला दुसरा सामना, 70 मिनिटांची सवय, समोर ताजातवाना संघ, हे सगळं खरं आहे. पण युगोस्लाव्हियाचे पहिले तिन्ही गोल 70व्या मिनिटाच्या आत झाले. पहिले दोन तर एका तासाच्या आत. पायांतलं बळ संपायच्या आधीच सामना फिरला होता. पुढे गेल्यावर काय करायचं, याचा सराव या संघाला मिळालाच नव्हता. युरोपच्या संघांशी वर्षा-वर्षाला खेळल्याशिवाय तो मिळतही नाही, आणि आपल्या खेळाडूंना असे सामने क्वचितच मिळत.

78वं मिनिट.
सलामकडून स्वयंगोल. 1-4. त्याच्या नावापुढे ही नोंद कायमची राहिली. सामना मात्र त्याच्या आधीच हातचा गेलेला होता, आणि त्याचं नाव घेणाऱ्याने हे सांगितलंच पाहिजे.

90वं मिनिट.
युगोस्लाव्हिया 4, भारत 1.

7 डिसेंबर, शुक्रवार.
कांस्यपदकाचा सामना. बल्गेरियाचे गोल 37व्या, 42व्या आणि 60व्या मिनिटाला. भारत 0-3 हरला आणि चौथा आला. सात दिवसांतला हा तिसरा सामना. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियाला 1-0 हरवून सुवर्ण जिंकलं.

चार गोल करून नेव्हिल स्पर्धेचा संयुक्त सर्वाधिक गोल करणारा ठरला. बरोबरीला युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा दिमितर मिलानोव. त्या दोघांनीही आपापल्या चारांतला एकेक गोल भारतावर केला होता. ते दोघे पदकं घेऊन गेले.

1960. रोम.
फ्रान्सविरुद्ध पी. के. बॅनर्जीचा गोल, 71व्या मिनिटाला. फ्रान्सची बरोबरी, 82व्या मिनिटाला. आघाडी टिकली 11 मिनिटं. भारत पहिल्याच फेरीत बाद. भारताच्या पुरुष फुटबॉल संघाचं हे आजवरचं शेवटचं ऑलिम्पिक.

4 सप्टेंबर 1962. जकार्ता.
आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना. दक्षिण कोरियाविरुद्ध 20 मिनिटांत 2-0, अखेर 2-1. या वेळी आघाडी शेवटपर्यंत टिकली. रहीम यांना तेव्हा कर्करोग झाला होता.

11 जून 1963.
रहीम गेले. ज्या माणसाने दहा गोलांपासून जकार्ताच्या आघाडीपर्यंत संघ आणला होता, त्याच्या पद्धतीची पुढची पिढी कुणी उभी केली नाही. मेलबर्नचं चौथं स्थान पराक्रम म्हणून सांगत राहिलो. त्या 52 ते 57 या पाच मिनिटांचा हिशेब मागितला नाही. मला राग येतो तो याचा.

16 मार्च 1980.
नेव्हिल डिसोझाचं निधन. वय 47.

2010.
महिंद्रा समूहाने आपला महिंद्रा युनायटेड हा फुटबॉल संघ बंद केला. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत त्र्यंबक रस्त्यालगत महिंद्राचा कारखाना आहे. तिथल्या कामगाराला आपल्या कंपनीचा संघ देशात पहिला आलेला ठाऊक असेल. नेव्हिलला ज्या व्यवस्थेने घडवलं, नोकरी आणि मैदान एकाच दारातून देणारी, तिचा मुंबईतला एक मोठा खांब त्या वर्षी पडला. नाशिकसारख्या शहरातल्या मुलापुढे चेंडूवर पोट भरण्याचा एक रस्ता त्यामुळे कमी झाला.

वांद्र्यात नेव्हिल डिसोझाच्या नावाचं मैदान आहे. मुंबईच्या स्थानिक लीगचे सामने तिथे होतात, आणि वरच्या गटातला सामना पूर्ण 90 मिनिटांचा असतो.